बोकडाच्या चांपेचा स्टेक, मिरीचा सॉस आणि गराडू : पहिला प्रयत्न का फसला?

मालवी_चूल (इंदूर) | सोमवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. काल रात्री घरी स्टेकचे जेवण करण्याचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला. येत्या रविवारी सहा माणसांसाठी तोच बेत पुन्हा करायचा आहे, म्हणून हा धागा काढत आहे. गोवंशाचे मांस मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने बंद आहे आणि आमच्या घरात ते एरवीही आले नसते. तेव्हा या धाग्यापुरता स्टेक म्हणजे बोकडाच्या मटणाचा, हे आधीच सांगून ठेवते.

काय केले ते जसेच्या तसे लिहिते, म्हणजे चूक कोठे झाली ते जाणकारांना सांगता येईल. सकाळी आठ वाजता खाटकाकडून रानेचे, म्हणजे मांडीचे, एक सेंटिमीटर जाडीचे काप करून आणले. नळाखाली स्वच्छ धुतले, मीठ आणि मिरपूड लावून दहा मिनिटे ठेवले आणि नॉनस्टिक पॅनमध्ये लोण्यावर मध्यम आचेवर चार काप एकदम टाकले. पाचच मिनिटांत पॅनमध्ये इतके पाणी सुटले की काप भाजले जाण्याऐवजी त्या पाण्यात शिजू लागले. रंग राखाडी आला आणि पोत चपलेच्या तळव्यासारखा झाला. सॉससाठी दही आणि साय एकत्र करून त्याच पॅनमध्ये ओतली, तर तीही फाटली. सासरे "चव चांगली आहे हो" असे म्हणाले खरे, पण त्यांनी तुकडा हळूच ताटाच्या कडेला सारला, तो मी पाहिला.

भाजी म्हणून गोठवलेले मटार-गाजर उकडले होते. त्याबद्दल न बोललेलेच बरे.

रसायनवेडा (इंदूर) | सोमवार, दुपारी १.०५

ताई, तुमच्या वर्णनात निदान पाच चुका एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी चूक पाण्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मांसाला खमंग तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो तो प्रथिने आणि शर्करा यांच्या अभिक्रियेमुळे. फ्रेंच वैद्य व रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही अभिक्रिया जोमाने होण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, कारण सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. तुम्ही काप धुतले, म्हणजे बाहेरून पाणी दिले. मग मीठ लावून दहा मिनिटे थांबलात, म्हणजे आतले पाणी बाहेर ओढलेत. त्यावर चार काप एकदम टाकून पॅन थंड केलात. इतके झाल्यावर तांबूस रंग येणार तरी कोठून?

मिठाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण येथे बहुतेकांची गफलत होते. मीठ लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत मांसातून पाणी सुटते आणि पृष्ठभागावर खारट थेंब साचतात. पुढे पाऊण तासापर्यंत त्याच खारट पाण्याचा बराचसा भाग पुन्हा मांसात मुरतो आणि मीठही आत जाते. म्हणून मीठ एक तर तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावावे, नाहीतर निदान चाळीस मिनिटे आधी, आणि सर्वांत उत्तम म्हणजे आदल्या रात्री. तुमची दहा मिनिटे ही नेमकी मधली, सर्वांत वाईट वेळ होती.

आता पॅनबद्दल. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या वर तापवणे योग्य नसते, त्यामुळे ते भांडे या कामाचेच नव्हे. घरात बिडाचा जाड तवा असेल तर तो काढा, नसेल तर राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात मिळेल. बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे गार मांस टाकले तरी तवा लगेच मान टाकत नाही. लोणी मात्र अशा तव्यावर आधी घालू नये, कारण त्यातला दुधाचा अंश जळून कडवट होतो. सुरुवात शेंगदाण्याच्या तेलावर किंवा साजूक तुपावर करावी आणि लोणी शेवटच्या मिनिटाला घालावे.

महूकर (महू) | सोमवार, सायंकाळी ६.४०

रसायनवेडा यांनी तव्याचे सांगितले ते योग्यच आहे, पण माझ्या मते तुमचा स्टेक तव्यावर जाण्याच्या आधी खाटकाच्या ओट्यावरच बिघडला होता. आमचे महू १८१८ पासूनची लष्करी छावणी, त्यामुळे चॉप, कटलेट आणि रोस्ट हे शब्द येथल्या मराठी घरांतही परके राहिलेले नाहीत. वडील मेसच्या भांडारात कामाला होते आणि मटण कसे निवडावे यावर ते तासभर बोलत असत. त्यातला कामाचा भाग तेवढा सांगतो.

रान हा बोकडाचा सर्वांत राबणारा भाग. तीत वेगवेगळ्या दिशांनी जाणारे पाच-सहा स्नायू असतात आणि त्यांच्यामधल्या चिवट पडद्यांचे विरघळून सरस (जिलेटिन) व्हायला मंद आचेवर काही तास लागतात. तव्यावरच्या दहा मिनिटांत ते पडदे फक्त आकसतात. झटपट भाजण्यासाठी पाठीच्या कण्यालगतचा भाग हवा, कारण त्या स्नायूला फारसे काम नसते. इंदुरात त्याला सगळे खाटीक चांपच म्हणतात. पण "चांप द्या" एवढेच सांगितलेत तर तो सवयीने एकेका बरगडीची पातळ चांप तोडून देईल, आणि ती आतून शिजण्याआधी बाहेरून रंगतच नाही. दोन बरगड्यांची मिळून एक जाड चांप मागा, किंवा त्याहून चांगले म्हणजे आठ बरगड्यांचा अखंड पट्टा दोन्ही बाजूंचा घ्या आणि चांपा घरी पाडा. त्यातून आठ दुहेरी चांपा निघतील. त्याला लागून कमरेकडचा भाग घेतलात तर आणखी चार निघतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडे कोणाच्या गळी उतरत नाही. आपल्याला मटण ताजे हवे असते, सकाळी कापलेले दुपारी पातेल्यात. रश्श्याला ते चालते, कारण तेथे दीड तास शिजवायचेच असते. पण जनावर मारल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरून मांस पुन्हा मऊ पडायला एक-दोन दिवस लागतात. तुम्ही सकाळी आठला आणलेले मटण बहुधा ताठरण्याच्या बेतातच होते. म्हणून रविवारच्या जेवणासाठी पट्टा शुक्रवारी आणा. फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, ताटावर जाळी ठेवून तिच्यावर, न झाकता ठेवा. फ्रिज चार अंशांच्या आसपास असला पाहिजे. दोन दिवसांत मांस मुरेल, आणि पृष्ठभाग कागदासारखा कोरडा पडेल हा वरचा लाभ.

आणि एक कळकळीची सूचना. गरम मटण आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकू नका. ताठरण्याची क्रिया पूर्ण होण्याआधी मांस फार गार झाले तर स्नायू कायमचे आखडतात, आणि बोकडासारख्या लहान, कमी चरबीच्या जनावराच्या बाबतीत हे अधिक घडते. पट्टा हाडासह अखंड ठेवल्याने स्नायू हाडाला ताणून राहतो व कमी आखडतो. सकाळी कापलेला बोकड दुकानात टांगलेला असेल तर संध्याकाळी जाऊन घ्या. 

ग्वाल्हेरी_खवय्या (ग्वाल्हेर) | सोमवार, रात्री ९.१५

एवढा खटाटोप कशासाठी? कच्च्या पपईचा कीस लावून रात्रभर ठेवा, रानही लोण्यासारखी होईल. आमच्याकडे कबाबांना पिढ्यान्पिढ्या हेच करतात.

रसायनवेडा (इंदूर) | सोमवार, रात्री १०.००

कबाबाला हे चालते, कारण तेथे तुकडा लहान असतो आणि पोत भुसभुशीत झालेला आवडतो. पपईतले पाचक द्रव्य मांसात काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. रात्रभर ठेवले तर बाहेरचा थर पिठल्यासारखा होतो आणि आतला भाग होता तसाच राहतो. शिवाय ते द्रव्य सर्वाधिक जोरात काम करते ५० ते ७० अंशांच्या दरम्यान, म्हणजे आपण मांस सावकाश गरम करणार नेमके त्याच पट्ट्यात. जाड चांपेला पपई नको. रानेच्या पातळ कापांना अर्धा तास लावायला माझी हरकत नाही.

मालवी_चूल (इंदूर) | मंगळवार, सकाळी ११.३०

सर्वांचे मनापासून आभार. महूकरकाकांची "दोन दिवस आधी आणा" ही सूचना घरात सांगितल्यावर "शिळे मटण पाहुण्यांना?" असा प्रश्न लगेच आला, पण आता माझ्याकडे उत्तर आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की, चांप चार सेंटिमीटर जाड असेल तर बाहेरून जळून आतून कच्ची राहणार नाही का? घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, त्याचा काही उपयोग होईल काय? दुसरी शंका नाजूक आहे. दिरांना मांस आतून गुलाबी हवे आहे, आणि सासऱ्यांना गुलाबी रंग दिसला तर ते ताटावरून उठतील. त्यांच्या मते ते रक्त असते.

रसायनवेडा (इंदूर) | मंगळवार, दुपारी २.२०

ओटीजी असेल तर निम्मे काम झाले. रूढ पद्धतीत आधी तव्यावर भाजून मग आत शिजवतात. तुम्ही क्रम उलटा करा. चांपा जाळीवर ठेवून ओटीजी १२० अंशांवर लावा आणि गाभ्याचे तापमान ५२ अंश झाले की बाहेर काढा. साधारण पंचवीस ते तीस मिनिटे लागतील, पण घड्याळावर विसंबू नका. टोकदार थर्मामीटर घ्या आणि तो हाडाला न टेकता मांसाच्या मध्यापर्यंत खुपसा. मग धूर निघेपर्यंत तापलेल्या तव्यावर आधी चरबीची कड उभी धरून ती वितळवा, आणि नंतर दोन्ही बाजू सव्वा-सव्वा मिनिट भाजा. मंद उष्णतेने मांस कडेपासून गाभ्यापर्यंत सारखे शिजते आणि पृष्ठभाग आणखी सुकतो, त्यामुळे तव्यावर रंग चटकन येतो.

भाजल्याने मांसाची "छिद्रे बंद होतात" आणि रस आत कोंडला जातो, हे अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. एकोणिसाव्या शतकातले थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग यांच्यामुळे ही समजूत पसरली, पण ती चुकीची आहे. भाजलेल्या तुकड्यातूनही रस गळतोच, आणि ताटात ठेवल्यावर तो दिसतोही. भाजायचे ते चवीसाठी.

तांबड्या पाण्याबद्दल सांगायचे तर ते रक्त नव्हे. त्याचा रंग स्नायूंत प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो, आणि तापमान वाढत जाते तसा तो गुलाबीवरून करड्याकडे जातो. सासऱ्यांना हे पटवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. त्यांच्या चांपा ओटीजीत दहा-पंधरा मिनिटे जास्त ठेवा आणि गाभा ७० अंशांवर न्या. त्यांच्यासाठी खांद्याकडच्या, चरबी अधिक असलेल्या बरगड्या निवडा, कारण चरबीमुळे जास्त शिजलेले मांसही कोरडे लागत नाही. दिरांच्या चांपा ६३ अंशांवर आणून निदान तीन मिनिटे थांबा. अखंड तुकड्यांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने सुरक्षिततेची हीच मर्यादा सांगितली आहे आणि तिच्याखाली आपल्या बाजारातल्या मटणाच्या बाबतीत मी जाणार नाही. तव्यावरून उतरल्यावरही गाभ्याचे तापमान तीन-चार अंश चढते, म्हणून साठच्या सुमारास उतरवा आणि मग मोजून पाहा.

बडोद्याची_सून (वडोदरा) | मंगळवार, रात्री ८.५०

सॉसबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून मी लिहिते.

लहानपणी दूध आटवलेल्या पातेल्यातली खरवड कोणी खायची यावर आम्हा भावंडांत भांडणे होत. स्टेकचा सॉस म्हणजे नेमकी ती खरवडच. चांपा भाजून उतरवल्यावर बिडाच्या तव्याला जो तांबूस-तपकिरी थर चिकटलेला असतो त्यात सगळी चव असते, आणि आपण तो घासून मोरीत सोडून देतो. नॉनस्टिकवर खरवड धरतच नाही, त्यामुळे तुमच्या सॉसला पायाच नव्हता.

दही फाटले ते अपेक्षितच होते. दह्यात आंबटपणा जास्त आणि स्निग्धांश कमी असतो, म्हणून उकळी आली की त्यातली प्रथिने गोळा होतात आणि पाणी वेगळे होते. कढीला आपण बेसन लावतो ते याचसाठी. येथे बेसन नको आणि दहीही नको, डब्यातली ताजी मलई घ्या.

सहा जणांसाठी माझे प्रमाण असे आहे. आदल्या दिवशी बोकडाचे चार पाये आणि पट्ट्याची छाटलेली हाडे ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तांबूस भाजा, दीड लिटर पाण्यात एक कांदा व गाजर घालून अगदी मंद आचेवर तीन-चार तास ठेवा आणि गाळून घ्या. या अर्कात मीठ अजिबात घालायचे नाही. तो फ्रिजमध्ये थिजला तर समजा की काम झाले. पायांतला सरस त्यात उतरला आहे, आणि त्यामुळे सॉसला मैद्याशिवाय दाटपणा येतो. रविवारी चांपा उतरवल्यावर तव्यातली चरबी ओतून टाका, चमचाभरच ठेवा. तीत दोन बारीक चिरलेले लहान कांदे परता, दोन चहाचे चमचे खलबत्त्यात जाडसर कुटलेली काळी मिरी टाका आणि वास सुटला की अर्धा लिटर अर्क ओता. लाकडी उलथन्याने खरवड सोडवत राहा. अर्क तिसऱ्या हिश्शावर आला की शंभर मिलिलिटर मलई घाला आणि उलथन्यामागे थर धरेपर्यंत आटवा. गॅस बंद करून लोण्याचा लिंबाएवढा गार गोळा हलवत हलवत विरघळवा. मीठ सर्वांत शेवटी चाखून घाला, कारण आटताना खारटपणा तिप्पट होतो.

पुस्तकी कृतीत येथे ब्रँडी असते. ती नसेल तर काही अडत नाही, पण थोडासा आंबटपणा हवा. मी उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळते. उकळत्या सॉसमध्ये पिळू नका.

मिरी मात्र चांपेला आधी लावू नका, एवढ्या तापलेल्या तव्यावर ती जळून कडू होते. ती सॉसमध्येच शोभते.

गराडूप्रेमी (इंदूर) | बुधवार, सकाळी ९.४५

मंडळी, जानेवारी महिना आहे, इंदूर शहर आहे, आणि ताई मटार-गाजर उकडत आहेत. हे वाचून मन विषण्ण झाले.

स्टेकसोबत पाश्चात्त्य लोक बटाटा देतात, कारण त्यांच्याकडे गराडू नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, हा तुमच्या कोनफळाच्या कुळातला कंद आहे आणि माळव्यात तो थंडीतच मिळतो. चोइथराम मंडीतून जड, पोकळ आवाज न करणारा, कापल्यावर पांढराशुभ्र दिसणारा कंद घ्या. हाताला आणि सुरीला तेल लावून सोला, नाहीतर खाज सुटेल. दीड इंचाचे तुकडे करून मिठाच्या पाण्यात सुरी जेमतेम शिरेल इतपत उकडा, चाळणीत निथळून पूर्ण वाळू द्या. मध्यम तेलात फिकट रंगावर एकदा तळून काढा. जेवणाच्या आयत्या वेळी कडकडीत तेलात दुसऱ्यांदा तळा. बाहेर कुरकुरीत कवच आणि आत मऊ लगदा, हे बटाट्याला कधी साधणार नाही. वर जीरावन आणि लिंबू.

बडोद्याची_सून (वडोदरा) | बुधवार, सकाळी ११.००

गराडूला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण जीरावनाला नाही. त्यात जिरे, बडीशेप, आमचूर, हिंग, काळे मीठ असे कितीतरी पदार्थ असतात. शेजारी मिरी आणि मलईचा नाजूक सॉस असताना हा मसाला त्याला बोलूच देणार नाही. नुसते मीठ आणि लिंबू पुरे.

गराडूप्रेमी (इंदूर) | बुधवार, सकाळी ११.२०

जीरावनाशिवाय गराडू म्हणजे शेवेशिवाय पोहे. बडोद्याला चालत असेल.

महूकर (महू) | बुधवार, दुपारी १२.१०

भांडण मिटवण्यासाठी जीरावनाची वाटी टेबलावर वेगळी ठेवावी, ज्याला हवे त्याने घ्यावे. मात्र ताटात एक हिरवी भाजीही असू द्या, कारण मटण, मलई आणि तळलेला कंद एवढेच असेल तर दुसऱ्या घासाला जीभ थकते. फरसबी कोवळी घ्या, भरपूर खळखळत्या पाण्यात सढळ मीठ घालून तीन-चार मिनिटे उघडीच शिजवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. झाकण ठेवले तर भाजीतली आम्ले वाफेबरोबर निघून जात नाहीत आणि हिरवा रंग मळकट होतो. वाढण्याआधी थोड्या लोण्यावर, ठेचलेल्या लसणीसह मिनिटभर परता.

मालवी_चूल (इंदूर) | बुधवार, रात्री ९.३०

सासूबाई शाकाहारी आहेत हे सांगायचे राहिले. त्यांच्यासाठी पनीरचा काप करावा असे मनात आहे.

बडोद्याची_सून (वडोदरा) | गुरुवार, सकाळी ८.१५

पनीर चालेल, पण सुरण करून पाहा. त्याला सुरी लावून कापण्याचे समाधान पनीरात नाही. दोन सेंटिमीटर जाडीचे मोठे काप चिंच घातलेल्या खारट पाण्यात मऊ होईपर्यंत उकडा, म्हणजे घशाला खवखवणार नाही. पुसून कोरडे करा आणि वेगळ्या तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी तांबूस भाजा. सॉससाठी कांदा आणि मश्रूम जवळजवळ काळपट होईपर्यंत परतून त्यांचाच अर्क काढा. पायांचा अर्क चुकूनही त्या भांड्यात जाऊ देऊ नका.

मालवी_चूल (इंदूर) | शनिवार, सायंकाळी ७.००

पट्टा काल संध्याकाळी आणला. खाटकाने "अख्खा ले जाओगे? काटूँ नहीं?" असे तीनदा विचारले. आज पृष्ठभाग खरोखर कोरडा, गडद आणि किंचित चिकट लागतो आहे, वास स्वच्छ आहे. चांपा आत्ताच पाडून मीठ लावून पुन्हा जाळीवर ठेवल्या. पायांचा अर्क इतका घट्ट थिजला आहे की भांडे उलटे केले तरी पडत नाही. उद्या काय होते ते कळवीनच.

मालवी_चूल (इंदूर) | सोमवार, सकाळी १०.४५

वृत्तान्त लिहिते. आधी चुका सांगते.

धुराचा अंदाज मी बांधला नव्हता. तिसऱ्या खेपेला सगळे स्वयंपाकघर निळसर झाले आणि शेजारच्या काकूंनी दारावर येऊन "सगळे ठीक आहे ना?" असे विचारले. खिडक्या आधीच उघडायला हव्या होत्या. तव्यात एका वेळी तीनच चांपा मावतात, म्हणून बारा चांपांच्या चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेच्या चांपा शेवटची खेप होईपर्यंत ६० अंशांवरच्या ओटीजीत ठेवल्या, त्यामुळे त्या गरम राहिल्या पण कडा थोड्या मऊ पडल्या. पुढच्या वेळी दोन तवे लावीन.

सॉस किंचित खारट झाला. अर्कात मीठ नव्हते आणि मीही शेवटी जपूनच घातले होते, पण बाजारात मिळणारे नेहमीचे पिवळे लोणी मुळातच खारवलेले असते हे लक्षात आले नाही. घरचे पांढरे लोणी वापरायला हवे होते. लिंबाचा रस दुप्पट पिळून वेळ निभावून नेली.

सासऱ्यांच्या चांपांचा गाभा ७६ अंशांवर गेला, कारण त्या वेळी मी फरसबीचे पाणी बदलत होते. पण खांद्याकडच्या बरगड्या घेण्याचा सल्ला कामी आला. त्यांनी दोन्ही चांपा संपवल्या आणि हाड हातात धरून चोखले. दिरांच्या चांपा ६३ वर थांबल्या. सुरीने कापताना मला स्वतःलाच विश्वास बसत नव्हता, कारण गेल्या रविवारी हेच जनावर दाताने तुटत नव्हते. कवच गडद, आत कडेपासून कडेपर्यंत एकसारखा फिकट गुलाबी रंग, आणि आठ मिनिटे विसावू दिल्यामुळे ताटात रस जवळजवळ सांडलाच नाही.

सासूबाईंनी सुरणाला "हे उपासाला चालेल का?" असे विचारले. कांदा-मश्रूमच्या सॉसचे सांगितल्यावर त्यांनी पुढच्या चतुर्थीसाठी बिनसॉसचा सुरण मागून ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र धाग्यात कोणी सांगितली नव्हती आणि ती मला जेवताना कळली. बोकडाची चरबी फार लवकर थिजते. बाहेर दहा अंशांची थंडी, ताटे काचेची आणि गार. पहिल्या पाच मिनिटांतच चांपेच्या कडेला पांढरा थर दिसू लागला आणि टाळूला मेण लावल्यासारखे वाटले. दुसऱ्या वाढीच्या वेळी ताटे दहा मिनिटे ओटीजीत गरम करून घेतली आणि मग ती अडचण राहिली नाही.

महूकर (महू) | सोमवार, दुपारी १२.३०

ताटांचे सांगायचे माझ्याकडून राहिले, क्षमा असावी. मेसमध्ये हिवाळ्यात ताटे गरम पाण्याच्या भांड्यावर रचून ठेवत आणि वाढपी ती फडक्यात धरून आणत. मटणाच्या चरबीला दुसरा इलाज नाही. तुमच्याकडे ओटीजीत चांपा असताना ताटांना जागा होणार नाही, तेव्हा पातेल्यात पाणी उकळून त्यावर ठेवावीत आणि पुसून घ्यावीत.

गराडूप्रेमी (इंदूर) | सोमवार, दुपारी १.१०

बाकी सगळे वाचले. जीरावनाच्या वाटीचे काय झाले, ते आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

मालवी_चूल (इंदूर) | सोमवार, दुपारी १.४०

वाटी सॉसच्या आधी संपली. दिरांनी तर चांपेवरही घातले. बडोद्याच्या ताईंनी कृपया हे वाचू नये.